रस्ता बंद नव्हता, टोल नको होता

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवायला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. काही वाक्यं अशी घोटून बसली आहेत की तोंडातून निघताना डोक्याला विचारतही नाहीत. एका दुपारी असंच एक वाक्य मी वर्गात म्हणत होतो. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं, आशिया आणि युरोप यांना जोडणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले, त्यामुळे युरोपीयांना भारताकडे जाणारा सागरी मार्ग शोधणं भाग पडलं. हे आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. नोट्समध्ये ते चौकटीत असतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. तिनं कोळीकोडवर, म्हणजे जुन्या कालिकतवर, बोट ठेवलं. तिथून अरबी समुद्र, एडन, तांबडा समुद्र, वर सुएझपर्यंत, मग कैरो, अलेक्झांड्रिया, आणि भूमध्य समुद्र ओलांडून व्हेनिस. मिरी याच वाटेनं जायची, हे मीच आदल्या तासाला सांगितलं होतं.

"सर, यात इस्तंबूल कुठे आलं?"

कुठेच आलं नाही. त्या दिवशी मी "पुढच्या तासाला बोलू" म्हणून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे तो पुढचा तास.

मुलीचं बोट ज्या वाटेवरून फिरलं ती वाट १४५३ साली तुर्कांच्या हातात नव्हतीच. इजिप्त आणि सीरिया कैरोच्या मामलुक सुलतानांकडे होते. ऑटोमन फौजा कैरोत शिरल्या १५१७ साली. तोवर वास्को द गामाला कालिकतच्या किनाऱ्याला लागून जवळजवळ एकोणीस वर्षं झाली होती, आणि गोवाही पोर्तुगीजांनी घेतलेलं होतं. म्हणजे आपल्या वाक्यातलं कारण परिणामाच्या मागून धावतंय.

मध्य आशियातून जाणाऱ्या उंटांच्या वाटेचं म्हणाल, तर तिची पडझड १४५३च्या शंभरेक वर्षं आधीची. मंगोल सत्तेच्या छत्राखाली ती वाट काही काळ सुरक्षित होती, मार्को पोलोचं कुटुंब त्याच काळात चीनला जाऊन आलं. इराणातली मंगोल गादी १३३५ नंतर मोडली, चीनमधली १३६८ साली गेली, मध्ये प्लेगनं शहरंच्या शहरं ओस पाडली आणि शतकाच्या शेवटी तैमूर आला. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाला भगदाड पडलं तेव्हा त्या वाटेवरची रहदारी आधीच विरळ झाली होती.

बरं, जिथे तुर्कांचा ताबा होता तिथे तरी त्यांनी व्यापार बंद केला का? २९ मे १४५३ला शहर पडलं. समोरच्या गलाटा वस्तीत इटलीतल्या जेनोआचे व्यापारी राहायचे. त्यांना सुलतान दुसऱ्या मेहमदनं तीनच दिवसांत, १ जूनला, व्यापाराची आणि जीविताची हमी देणारं फर्मान दिलं. वर्ष उलटायच्या आत, एप्रिल १४५४मध्ये, व्हेनिसशी तह झाला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी यावं, राहावं, माल आणावा-न्यावा आणि दोन टक्के जकात भरावी. एकवीस वर्षांच्या त्या सुलतानाला वेढ्यानंतर एक ओस पडत चाललेलं शहर पुन्हा वसवायचं होतं. नवं दुकान घेतल्यावर पहिल्याच दिवशी शटर कोण ओढतो?

तुर्क साधे होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. १४५२ साली मेहमदनं बॉस्फोरसच्या अरुंद खाडीवर किल्ला बांधला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजानं थांबावं असा हुकूम काढला. व्हेनिसचं एक जहाज थांबलं नाही. तोफेच्या गोळ्यानं ते बुडवलं गेलं आणि त्याच्या कप्तानाला सुळावर चढवलं. १४६३ ते १४७९ व्हेनिस आणि तुर्क यांच्यात युद्ध चाललं, व्यापाराला फटका बसलाच. १४७५ला काळ्या समुद्रावरचं काफा बंदर जेनोआच्या हातून गेलं ते कायमचं. पण काफातून युरोपला जायचे ते मुख्यतः गुलाम, धान्य, मासे, फर. मिरीची वाट ती नव्हे. लायबायर नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं १९१५ सालीच दाखवून दिलं होतं की रस्ता बंद होऊन माल दुर्मीळ झाला असता तर युरोपात मसाल्यांचे भाव भडकायला हवे होते, आणि १४५३ नंतरच्या दशकांत तसं काही झालेलं दिसत नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ हे छापलेलं आहे. आमच्या नोट्सपर्यंत पोचायला त्याला बहुधा केप ऑफ गुड होपला वळसा घालून यावं लागतंय.

आता पोर्तुगालच्या तारखा लावून पाहू. स्यूटा हे मोरोक्कोचं बंदर त्यांनी घेतलं १४१५ला. बोजाडोरच्या भूशिरापलीकडे, जिथून पुढे जहाज परत येत नाही अशी समजूत होती, जिल इआनिश हा त्यांचा खलाशी १४३४ला गेला. ८ ऑगस्ट १४४४ला दक्षिण पोर्तुगालमधल्या लागुश गावी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी झाली. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा बाजूला काढून घेत होता, आणि आया मुलांपासून तोडल्या जात होत्या. हे त्याच्याच दरबारी बखरकारानं लिहून ठेवलंय. लिहिताना त्याचा हात जरा अडखळलेला दिसतो. १८ जून १४५२ला पोप पाचव्या निकोलसनं पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्ती नसलेल्यांना जिंकण्याची आणि गुलाम करण्याची लेखी मुभा दिली. हे सगळं कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आधीचं. यातल्या बऱ्याच टप्प्यांवर भारत कुणाच्या मनातही नव्हता. सहारापलीकडचं सोनं हवं होतं, गुलाम हवे होते, मूरांविरुद्धचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांविरुद्धचं, धर्मयुद्ध पुढे न्यायचं होतं. भारताचा विचार ठामपणे डोकावतो तो १४८०च्या दशकात, राजा दुसऱ्या जॉनच्या काळात. १४८२ला गिनीच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला उभा राहिला आणि सोन्याचा ओघ सुरू झाला तेव्हा लांबच्या मोहिमा परवडायला लागल्या. बार्तोलोमेऊ डायसनं आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडलं १४८८ला.

मग मिरीच्या बाबतीत युरोपची तक्रार काय होती? तक्रार होती, आणि ती आपल्याला चांगली कळेल अशी आहे. मामलुक सुलतान बार्सबायनं १४२०च्या दशकाच्या अखेरीस मिरीचा व्यापार आपल्या मक्तेदारीखाली घेतला आणि भाव आपण ठरवू म्हणून सांगितलं. जेद्दा, कैरो, अलेक्झांड्रिया, जिथे माल उतरेल तिथे कुणीतरी हात पुढे करायचं. १५०१ साली पोर्तुगीज भारतातून मिरी घेऊन आल्याची बातमी व्हेनिसला थडकली तेव्हा जिरोलामो प्रिउली या व्यापाऱ्यानं रोजनिशीत आपली धास्ती लिहून ठेवली. त्याचा हिशेब असा की सुलतानाच्या मुलखातून येताना इतक्या जकाती बसतात की मुळात एक डुकाट (व्हेनिसचं सोन्याचं नाणं) किमतीची वस्तू साठ, कदाचित शंभर डुकाटांना पडते. आकडा फुगवलेला असेल; व्यापाऱ्याची रोजनिशी आहे, लेखापरीक्षण नव्हे. पण मुद्दा स्वच्छ आहे. रस्ता चालू होता. त्यावर नाके फार होते. आणि त्या नाक्यांवरून शेवटचा मलिदा मिळवणारं व्हेनिस तर या व्यवस्थेवर खूश होतं! टोल चुकवायची घाई होती ती पोर्तुगालला, ज्याचा या रस्त्यावर एकही नाका नव्हता.

मे १४९८मध्ये गामाची जहाजं कालिकतसमोर नांगर टाकून उभी राहिली, तेव्हाचा प्रसंग वर्गात सांगावा असा आहे. त्याच्याबरोबरच्या एका अनामिक माणसानं तो टिपून ठेवलाय. गामानं आधी स्वतः न उतरता एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर धाडलं. मेलाच तर कैदी मेला, असा हिशेब. त्याला लोकांनी नेलं कुठे? ट्यूनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे, ज्यांना स्पेनची आणि जेनोआची भाषा येत होती. त्यांनी केलेलं पहिलं स्वागत म्हणजे शिवी: सैतान तुला नेवो, इथे कशाला तडमडलात? उत्तर मिळालं की आम्ही ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला आलोय.

या एका प्रसंगानं 'शोध' या शब्दातली सगळी हवा निघून जाते. पोर्तुगीज अर्ध्या जगाला वळसा घालून येतात आणि बंदरावर त्यांच्या शेजारच्या भाषेत शिव्या देणारी माणसं आधीच बसलेली असतात! ती कुठल्या बंद रस्त्यानं आली होती?

पुढे सामुद्रीसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, गामानं काढलेला नजराणा त्याच टिपणात नोंदलाय: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपरी, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा तस्तं, साखरेची एक पेटी, तेलाचे आणि मधाचे दोन-दोन बुधले. राजाचे कारभारी ते बघून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीदेखील याहून जास्त देतो, म्हणाले. आमच्या पुस्तकात हा प्रसंग असता तर एक फार मोठी गोष्ट मुलांना आपोआप कळली असती: या बाजारात विकण्याजोगं युरोपकडे जवळजवळ काही नव्हतं. म्हणून पुढे दोन गोष्टी आणाव्या लागल्या. एक तोफा, आणि दुसरी अमेरिकेतली चांदी. आजच्या बोलिव्हियात पोतोसीचा डोंगर १५४५ला सापडला. तिथल्या खाणींत सक्तीनं राबलेल्या माणसांच्या कष्टाची चांदी सुरतेच्या टांकसाळीत वितळून मुघल रुपया होऊन बाहेर पडत होती. पण ती वेगळ्या लेखाची गोष्ट.

तोफांची गोष्ट मात्र इथलीच. १५०२ला गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं एक जहाज त्यानं लुटलं आणि माणसांसकट जाळलं. बायका पोरं वर धरून दाखवत होत्या, असं त्याच्याच बाजूच्या लोकांनी लिहिलंय. १५०८ला आपल्या चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना हरवलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सु तिथे मारला गेला. रेवदंड्याला फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे. बापानं पुढच्याच वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. १५१०ला गोवा, १५११ला मलाक्का, १५१५ला होर्मुझ. जागा बघा: मलाक्का आणि होर्मुझ म्हणजे तर समुद्राचा गळाच. जिथून जहाजांना जावंच लागतं तिथे किल्ला.

आणि किल्ल्यात काय? नाका! पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. कुठल्याही जहाजानं तो घ्यायचा, त्यावर कप्तान, माल, हत्यारं यांची नोंद हवी, पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरायची, मिरीसारखा राखीव माल न्यायचा नाही. परवाना नसेल तर जहाज जप्त. समुद्रावर आधी चाचे नव्हते असं नाही. गोवा घ्यायला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कला मदत करणारा तिमोजा स्वतः त्याच धंद्यातला होता. बंदरात जकात सगळेच घेत. पण अख्ख्या समुद्राची मालकी सांगून वाटसरूकडून पैसे मागायचं धाडस इथे याआधी कुणी केलं नव्हतं. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिला या परवान्यासाठी सुरतेत महिनोन्महिने अडकून पडावं लागलं. समुद्रानं जायचं तर येशू-मरियमच्या चित्रांचा परवाना घ्यावा लागतो, जमिनीनं जायचं तर शिया मुलखातून जावं लागतं, तेव्हा आता हज सक्तीची उरली नाही, असा निर्वाळा दरबारातल्या एका वजनदार मौलवींनी देऊन टाकला होता!

याला 'कायदा' म्हणायचं की 'खंडणी', हे तुम्ही कुठल्या गलबतावर बसलाय त्यावर ठरतं. पुढे दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर आपलं दस्तक सुरू केलं, ते न घेणारी जहाजं धरली, आणि इंग्रजांच्या कागदपत्रांत ते 'चाचे' झाले. परवान्याची कल्पना तीच होती, फक्त सही मराठ्यांची होती.

आता वाक्यातल्या सगळ्यात मोठ्या विनोदाकडे येऊ. १५१७ नंतर तांबड्या समुद्राची वाट खरोखरच तुर्कांच्या हातात आली. मग ती बंद पडली असेल ना? उलट झालं. पोर्तुगीजांनी पहिल्या काही दशकांत तिला बरंच नाक दाबून धरलं होतं. पण सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिच्यात पुन्हा धुगधुगी आली, आणि १५६०च्या सुमाराला अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला जाणारी मिरी गामाच्या आधीच्या दिवसांइतकी होती. १५६८ला ऑटोमन वजीर सोकोल्लू मेहमद पाशानं इजिप्तच्या सुभेदाराला हुकूम धाडला की सुएझला कालवा खणता येईल का याची पाहणी करा. हेतू आरमार पोर्तुगीजांवर सोडायचा होता, परोपकाराचा नव्हता, आणि कालवा झाला नाही. पण ज्यांच्या नावावर आपण 'मार्ग बंद करणारे' असा शिक्का मारलाय ते तीनशे वर्षं आधी सुएझ खणायचा विचार करत होते, आणि समुद्रात मार्ग अडवून बसले होते ते आपले 'मार्ग शोधणारे'. जुनी वाट खऱ्या अर्थानं मारली सतराव्या शतकात डचांनी. १६०२ला त्यांची कंपनी निघाली, १६२१ला जायफळाच्या बांदा बेटांवर त्यांनी तिथली वस्तीच जवळजवळ नाहीशी केली. टोलचा प्रश्न त्यांनी असा सोडवला: माल जिथे पिकतो ती जागाच ताब्यात घ्यायची.

हे सगळं तज्ज्ञांना माहीत आहे, मग वाक्य मरत का नाही? एक कारण म्हणजे ते सोयीचं आहे. इतिहासाचे प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे तीन खण रूढ केले ते सतराव्या शतकातल्या सेलारिउस या जर्मन प्राध्यापकानं, आणि मधल्या खणाचं दार त्यानं लावलं कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाशी. दार आहे म्हटल्यावर त्यातून काहीतरी आत-बाहेर जायला हवं. मग याच दारातून ग्रीक पंडितही हस्तलिखितं बगलेत मारून पळाले आणि प्रबोधन सुरू झालं, असंही आपण शिकवतो. क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला १३९७लाच येऊन पोचला होता आणि तिथल्या कॅथीड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ला पुरा झाला होता, हे मग कुठे बसवायचं? हेच खण आपण इकडे आणले. युरोपचं मध्ययुग १४५३ला संपतं, महाराष्ट्राचं १८१८ला. परिणामी शिवाजी महाराज मध्ययुगीन आणि त्यांच्या हयातीत केंब्रिजमध्ये काम करणारा न्यूटन आधुनिक. महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमार बांधायला पोर्तुगीज कारागीर लावले होते, त्यांना हे कळलं असतं तर गंमत वाटली असती.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. हे वाक्य आक्रमकाला गरजवंत करून टाकतं. 'भाग पडलं' या दोन शब्दांत केवढी माफी भरलेली आहे बघा. बिचाऱ्यांना मटण टिकवायला मिरी हवी होती, तुर्कांनी रस्ता अडवला, मग ते करणार काय? (सडकं मटण मिरीनं झाकायची गोष्टही अशीच. मिरी परवडणाऱ्याला ताजं मटण परवडत नव्हतं काय?) लागुशच्या मैदानातली २३५ माणसं, जाळलेलं जहाज, बांदा, हे सगळं मग एका अडचणीचे नाइलाजाचे परिणाम होऊन जातं. आणि ज्या देशाला या सगळ्याची झळ लागली त्या देशातली मुलं ही सफाई गुणांसाठी पाठ करतात. भरीला, दोष द्यायला एक तयार खलनायक मिळतो. 'तुर्कांनी' हा शब्द वर्गात उच्चारल्यावर काही चेहऱ्यांवर जी समजल्याची खूण उमटते, तिचा १४५३शी फारसा संबंध नसतो.

सहकारी म्हणतात, मुलांना सोपं काहीतरी द्यावं लागतं, एवढा गुंता कशाला? मला वाटतं सोपं आणि चुकीचं यात गल्लत होतेय. एक नकाशा आणि गामाच्या नजराण्याची यादी यापेक्षा सोपं काय असणार? टोल काय असतो आणि तो चुकवायला माणूस किती लांबचा फेरा मारतो, हे मुंबई-पुण्याच्या पोरांना मी शिकवायचं का? आणि रस्ता खरोखर बंद होणं म्हणजे काय, याचे दाखले तर त्यांच्या समोरचे आहेत. जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो आठ वर्षं, १९७५पर्यंत. तेलवाहू जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली आणि वळसा परवडावा म्हणून अवाढव्य आकाराची बांधली गेली. २०२३च्या अखेरीला येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू केल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी आपला माल पुन्हा गामाच्याच वाटेनं वळवला. काही आठवड्यांत भाडी वाढली, विमा वाढला, न्हाव्याशेव्याहून युरोपला माल धाडणाऱ्यांचे दिवस वाढले. रस्ता बंद होतो तेव्हा हिशेबाच्या वहीत असा डाग पडतो. १४५३ नंतरच्या वहीत तो सापडत नाही.

हे सगळं मी पुढच्या तासाला सांगितलं. दोन तास गेले, आधुनिक भारताचा एक धडा मागे राहिला. शेवटी ती मुलगी म्हणाली, "सर, हे कळलं. पण पेपरला 'मार्ग बंद झाल्यामुळे' हा पर्याय आला तर?"

त्यावरच खूण कर, म्हणालो. दोन मार्कांचा प्रश्न असतो, आणि चुकलं तर वजा होतात.